ग्राफ प्लेनर आहे का? अनेक थ्रेडवर तपासणी कशी उभारायची

तुर्भे सोडलं की ठाण्याहून आलेल्या लोकलच्या वाटा फुटतात. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ–पनवेलची जुईनगरकडे. सानपाडा आणि जुईनगर हार्बर मार्गावर एकमेकांचे शेजारी आहेतच. त्यामुळे नकाशावर तुर्भे–सानपाडा–जुईनगर असा छोटा त्रिकोण तयार होतो. स्टेशनं म्हणजे नोड, त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे कडा, आणि दोन्ही मिळून ग्राफ. या लेखातली बरीच पडताळणी याच त्रिकोणावर केली आहे. कोट्यवधी कडांवर चुकणारा प्रोग्राम बहुधा अकरा स्टेशनांवरही चुकतो, आणि तिथे चूक पेन्सिलीने पकडता येते.

प्रश्न साधा आहे. ग्राफ कागदावर असा मांडता येईल का, की एकही कड दुसरीला छेदणार नाही? येत असेल तर तो प्लेनर. एका थ्रेडवर, म्हणजे सगळं काम एकामागून एक केलं तर, याचं उत्तर नोडांच्या संख्येच्या प्रमाणातल्या वेळात मिळतं, हे हॉपक्रॉफ्ट आणि टार्जन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. ज्यांचे ग्राफ काही लाख कडांचे आहेत त्यांनी ते किंवा त्यानंतरचं बॉयर–मिर्वोल्ड (२००४) वापरावं, पुढची खटपट त्यांच्यासाठी नाही. कडा कोटींमध्ये असतील, किंवा मशीनचे सोळा कोर तपासणी संपेपर्यंत नुसते बसून राहत असतील, तर पुढे वाचा.

एक गैरसमज आधी दूर करू, कारण रस्त्यांच्या नकाशावर काम करणारे बरेच जण इथेच घसरतात. माजिवड्याला एका रस्त्यावरून दुसरा रस्ता पुलाने जातो म्हणून ठाण्याचा ग्राफ नॉन-प्लेनर ठरत नाही. तो नकाशाच्या त्या एका मांडणीतला छेद आहे. ग्राफ दुसऱ्या तऱ्हेने मांडून तो छेद टाळता येतो का, हे तपासायचं असतं. याच्या उलट चूकही होते. पुलाखालचा आणि पुलावरचा रस्ता जिथे एकमेकांवर दिसतात तिथे डेटा साफ करताना नवा नोड घालतात. असं केलं की प्रत्येक ग्राफ आपोआप प्लेनर होतो आणि तपासणीला काही अर्थ उरत नाही. नोड फक्त तिथेच, जिथे गाडी खरोखर एका रस्त्यावरून दुसऱ्यावर वळू शकते.

डीएफएसपासून सुरुवात करू नका

हॉपक्रॉफ्ट–टार्जन, लेफ्ट–राइट, बॉयर–मिर्वोल्ड या तिन्ही पद्धतींचा पाया डेप्थ-फर्स्ट सर्च (डीएफएस) आहे, म्हणजे एकाच वाटेने जमेल तितकं खोल जाऊन मग मागे फिरणारा शोध. म्हणून पहिला मोह होतो तो डीएफएसलाच थ्रेड जोडण्याचा. तो टाळा. पुढच्या पावलाला मागची सगळी पावलं माहीत असावी लागतात, हा डीएफएसचा स्वभावच आहे. शेजारी ठरलेल्या क्रमाने घेणारं डीएफएस पी-कम्प्लीट आहे, हे राइफ यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे ते झटपट समांतर होईल अशी आशा जवळजवळ नाही. कुलूप लावून, थ्रेड एकमेकांसाठी थांबवून केलेलं डीएफएस एका थ्रेडपेक्षाही हळू चालतं.

समांतर तपासणीची वाट म्हणूनच वेगळी निघाली. जाजा आणि सायमन यांनी १९८२ मध्ये ती दाखवली, मग क्लाइन आणि राइफ यांनी प्रोसेसरांची संख्या नोडांइतकी खाली आणली. पुढे रामचंद्रन आणि राइफ यांनी पायऱ्यांची संख्या नोडसंख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात आणून ठेवली. त्यात डीएफएसच्या जागी ‘ओपन इअर’ विभाजन येतं, म्हणजे आधी एक चक्र आणि मग त्यावर एकेक वाट चढवत पूर्ण ग्राफ. ही शेवटची पद्धत जशीच्या तशी लिहून काढणं मोठं काम आहे आणि आठ-सोळा कोरांच्या मशीनवर त्याची गरजही नाही. तिच्यातल्या तीन गोष्टी मात्र आम्ही पूर्ण घेतो: जोडलेपणा, यूलर टूर आणि ‘आडवे येणाऱ्या’ तुकड्यांना दोन रंग देणं.

साफसफाई आणि पहिली मोजणी

स्वतःकडेच परतणाऱ्या कडा काढा. दुहेरी कडा काढण्यासाठी प्रत्येक कडेच्या दोन टोकांतला लहान क्रमांक वरच्या ३२ बिटांत, मोठा खालच्या ३२ बिटांत ठेवून ६४ बिटांची एक किल्ली बनवा. किल्ल्यांचा समांतर रेडिक्स सॉर्ट करा, आधीच्या किल्लीशी जुळणारी किल्ली टाकून द्या आणि प्रीफिक्स समने (चालत्या बेरजेने) उरलेल्या एकत्र ओढून घ्या. एकही शेजारी नसलेले नोडही याच वेळी बाहेर काढा.

आता मोजा. न नोड आणि क कडा असतील, न किमान ३ असेल, तर प्लेनर ग्राफमध्ये क ≤ ३न − ६ असायलाच हवं. न = १० लाख असेल तर क जास्तीत जास्त २९,९९,९९४. प्रत्येक कडेच्या दोन अर्धकडा धरल्या आणि एका अर्धकडेला ४ बाइट दिले तर शेजाऱ्यांच्या यादीला सुमारे २४ एमबी लागतात. म्हणजे या एका तुलनेने मेमरीचा अंदाजही पक्का होतो.

ही मोजणी साफसफाईच्या आधी केली तर प्लेनर ग्राफ दुहेरी कडांमुळे नापास होतो. सुटे नोड आत ठेवून केली तर न उगाच फुगतो आणि नॉन-प्लेनर ग्राफ निसटतो. पुढे जोडलेले भाग आणि ब्लॉक वेगळे झाले की प्रत्येकासाठी ती पुन्हा करा, तिला खर्च जवळपास नाही. पण पास झाला म्हणजे प्लेनर, असं कधीच समजू नका. तीन घरांना पाणी, वीज आणि गॅसच्या लाइनी एकमेकींना न छेदता द्यायच्या, या जुन्या कोड्याचा ग्राफ म्हणजे के-तीन-तीन. ६ नोड, ९ कडा. मर्यादा १२, म्हणून तो आरामात पास होतो, आणि तरीही नॉन-प्लेनर आहे.

कडा साठवताना क्रमांक २आय आणि २आय+१ या एकाच कडेच्या दोन अर्धकडा ठेवा. उलटी अर्धकड शोधायला शेवटचा बिट फिरवला की झालं, वेगळी यादी लागत नाही.

जोडलेपणा: एकदा नीट लिहा, पाच वेळा वापरा

हा कोड सगळ्यात काळजीने लिहा, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा लागतो. प्रत्येक नोडचा एक पालक, सुरुवातीला स्वतःच. प्रत्येक थ्रेड आपल्या वाट्याच्या कडा घेतो, दोन्ही टोकांचं मूळ शोधतो, आणि मुळं वेगळी असतील तर मोठ्या क्रमांकाचं मूळ लहानाला टांगतो. टांगताना कम्पेअर-अँड-स्वॅप वापरायचं: ‘हे मूळ अजून स्वतःचंच पालक असेल तरच टांग’. स्वॅप यशस्वी झाला तर ती कड स्पॅनिंग ट्रीमध्ये (चक्र न होता सगळे नोड जोडणाऱ्या कडांमध्ये) नोंदवा, फसला तर दोन्ही मुळं पुन्हा शोधा.

मोठं लहानाला, हा नियम मोडला तर दोन थ्रेड एकाच वेळी एकमेकांची मुळं एकमेकांना टांगतात, वर्तुळ तयार होतं आणि शोध संपतच नाही. साधं लिहिणं वापरलं, स्वॅप टाळला, तर भाग वरवर बरोबर दिसले तरी चुकलेले असू शकतात, आणि ट्रीच्या कडा जास्त नोंदल्या जातात. ही चूक फार उशिरा, यूलर टूरमध्ये उघडी पडते. म्हणून इथेच तपासा: ट्रीच्या कडा = नोड − भागांची संख्या. एकानेही फरक असेल तर पुढे जाऊ नका.

कोणता थ्रेड आधी पोहोचला यावर ट्री ठरत असल्याने प्रत्येक वेळी ट्री वेगळा येईल. त्यात चूक नाही. मात्र चाचण्यांमध्ये कच्चे क्रमांक ताडून पाहू नका. प्रत्येक गटाला त्यातल्या सर्वांत लहान कडेचा क्रमांक नाव म्हणून द्या आणि मग तुलना करा.

ब्लॉक वेगळे करणे

ग्राफ प्लेनर असण्यासाठी त्याचा प्रत्येक ब्लॉक प्लेनर असणं पुरेसं आहे. ब्लॉक म्हणजे शक्य तितका मोठा असा भाग, ज्यातला कोणताही एक नोड काढला तरी बाकीचे जोडलेलेच राहतात.

इथे बरेच जण आधी एका कडेची टोकं छाटतात: प्रत्येक फेरीत ज्यांना एकच शेजारी आहे ते सगळे नोड काढायचे. आपल्या नकाशावर करून बघू. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी, जुईनगर, नेरूळ, असे ११ नोड आणि ११ कडा. पहिल्या फेरीत ठाणे, वाशी आणि नेरूळ गळतात. दुसरीत फक्त दिघा गाव, तिसरीत ऐरोली, मग रबाळे, घणसोली, आणि सहाव्या फेरीत कोपरखैरणे. साखळी जितकी लांब तितक्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत एका नोडसाठी सगळे थ्रेड जमवायचे. लाख नोडांची एक साखळी असली की प्रोग्राम गोठल्यासारखा वाटतो. छाटणी करायचीच तर दोन-तीन फेऱ्या करून थांबा, बाकीचं काम टार्जन–विश्किन (१९८५) पद्धतीवर सोपवा. तिला साखळीच्या लांबीने फरक पडत नाही.

ती अशी. ट्रीची प्रत्येक कड दोन दिशांनी घ्या. ‘अ’ वरून ‘ब’ कडे जाणाऱ्या अर्धकडेनंतर ‘ब’च्या यादीत ‘ब’ ते ‘अ’ च्या पुढे जी ट्रीची अर्धकड आहे ती येते, आणि यादी संपली की पुन्हा पहिली. हीच यूलर टूर. मुळापाशी ती एका जागी तोडली की एक लांब साखळी मिळते, आणि तिच्यात प्रत्येक अर्धकड कितवी हे शोधायचं.

पुस्तकातली पद्धत म्हणजे प्रत्येकाने आपल्या पुढच्याच्या पुढच्याकडे उडी मारत जाणं. ती बरोबर आहे, पण काम लॉगपटीने वाढवते आणि कॅशची वाट लावते. त्यापेक्षा साखळीवर यादृच्छिक ठिकाणी खुणा ठेवा, प्रत्येक थ्रेडमागे साधारण ६४. आठ थ्रेडना ५१२ खुणा. प्रत्येक थ्रेड आपल्या खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत चालत मोजतो, मग फक्त ५१२ खुणांची बेरीज एका थ्रेडने, आणि शेवटी सगळ्यांनी आपापल्या तुकड्यात ती मिळवायची. खुणा थ्रेडइतक्याच ठेवल्या तर एखाद्याच्या वाट्याला फार लांब तुकडा येतो आणि बाकीचे ताटकळतात.

क्रम मिळाला की प्रत्येक नोडचा प्रीऑर्डर क्रमांक (टूरमध्ये तो कितवा भेटला) आणि त्याच्या पोटातल्या, म्हणजे तो धरून त्याच्या खालच्या, नोडांची संख्या लगेच मिळते. पोटातले सगळे नोड प्रीऑर्डरमध्ये सलग असल्याने प्रत्येक नोडसाठी ‘नीच’ आणि ‘उच्च’ काढणं म्हणजे सलग पट्ट्यातला किमान आणि कमाल काढणं. नीच म्हणजे पोटातला कोणताही नोड, किंवा त्याचा ट्रीबाहेरचा शेजारी, यांतला सर्वांत लहान प्रीऑर्डर. उच्च म्हणजे सर्वांत मोठा.

आता प्रत्येक ट्री-कडेला तिच्या खालच्या नोडच्या नावाने ओळखा आणि दोन नियमांनी कडा एकत्र करा. एक: ट्रीबाहेरच्या कडेची दोन टोकं एकमेकांची पूर्वज नसतील तर त्या दोन नावांना जोडा. दोन: ‘प’ हा मूळ नसलेला नोड आणि ‘ब’ त्याचं मूल असेल, आणि ‘ब’चा नीच ‘प’च्या क्रमांकापेक्षा लहान असेल, किंवा ‘ब’चा उच्च ‘प’च्या पट्ट्याबाहेर जात असेल, तर ‘ब’ला ‘प’शी जोडा. वर लिहिलेला जोडलेपणाचा कोड पुन्हा चालवा. जे गट येतील ते ब्लॉक. ट्रीबाहेरची कड तिच्या मोठ्या प्रीऑर्डरच्या टोकाच्या गटात जाते.

मूळ ठाणे धरलं तर क्रमांक असे येऊ शकतात: ठाणे ०, दिघा गाव १, ऐरोली २, रबाळे ३, घणसोली ४, कोपरखैरणे ५, तुर्भे ६, सानपाडा ७, वाशी ८, जुईनगर ९, नेरूळ १०. ट्रीबाहेर एकच कड, सानपाडा–जुईनगर. दोघे एकमेकांचे पूर्वज नाहीत, म्हणून पहिल्या नियमाने ७ आणि ९ जोडले गेले. सानपाड्याचा नीच ७, तुर्भ्याच्या ६ पेक्षा लहान नाही. त्याचा उच्च ९, तुर्भ्याच्या ६ ते १० या पट्ट्यातच. म्हणून दुसरा नियम लागत नाही आणि त्रिकोण कोपरखैरणेच्या बाजूला चिकटत नाही. उत्तर: तीन कडांचा एक ब्लॉक आणि एकेका कडेचे आठ. तुमच्या प्रोग्रामने नऊपेक्षा जास्त ब्लॉक दिले तर पट्ट्याची तुलना एका क्रमांकाने चुकली आहे. पट्टा ‘क्रमांक + पोट − १’ ला संपतो, बहुतेक वेळा तो ‘− १’ राहून गेलेला असतो.

दोन शेजाऱ्यांचे नोड मिटवणे

ब्लॉकच्या आत ज्या नोडला दोनच कडा आहेत तो प्लेनरपणात काही भर घालत नाही. अशा नोडांची सलग साखळी एका कडेत मिटवा. रस्त्यांच्या नकाशात वळणं दाखवण्यासाठी घातलेले नोड याच पायरीत जातात. शेजारचे दोन नोड दोन थ्रेडनी एकाच वेळी मिटवले तर एकाने काढलेल्या नोडकडे दुसऱ्याची कड लटकत राहते. म्हणून नोड नव्हे, संपूर्ण साखळी हे एकक धरा. साखळीचं टोक यूलर टूरसारखंच खुणा ठेवून शोधा.

पूर्ण ब्लॉकच एक चक्र असेल, आपल्या त्रिकोणासारखा, तर साखळीला टोकच नसतं आणि शोध गोल गोल फिरत राहतो. कडा आणि नोड समान असलेला ब्लॉक आधीच बाजूला काढा, तो प्लेनर आहे. मिटवल्यावर दुहेरी कडा तयार होतील. त्या काढा, त्यातून नवे दोन शेजाऱ्यांचे नोड निघतील, पुन्हा मिटवा. ज्या ब्लॉकमध्ये ९ पेक्षा कमी कडा उरल्या तो प्लेनर, कारण प्रत्येक नॉन-प्लेनर ग्राफात के-तीन-तीन किंवा के-पाच (पाच नोड, प्रत्येक जोडीत एक कड) लपलेला असतो, आणि के-तीन-तीनला ९ तर के-पाचला १० कडा लागतात. शेवटी मांडणीही हवी असेल तर प्रत्येक मिटवणीची नोंद ठेवा, ती उलट्या क्रमाने उलगडावी लागेल.

मोठा ब्लॉक

लहान ब्लॉक आकाराने उतरत्या क्रमात लावा आणि मोकळ्या होणाऱ्या थ्रेडला पुढचा द्या. प्रत्येक थ्रेड आपल्या ब्लॉकवर लेफ्ट–राइट पद्धत एकट्याने चालवतो. ती स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनने लिहू नका. लांब ब्लॉकमध्ये थ्रेडचा स्टॅक संपतो आणि प्रोग्राम कोणताही संदेश न देता पडतो. स्वतःचा स्टॅक अॅरेमध्ये ठेवा.

अडचण असते ती एकाच प्रचंड ब्लॉकची. शहराच्या रस्त्यांत असा एक जवळजवळ नेहमी निघतो. त्याच्यासाठी चक्र आणि तुकडे.

ब्लॉकमधलं एक चक्र घ्या. चक्राचे नोड काढल्यावर उरलेले जोडलेले भाग, चक्राला टेकणाऱ्या कडांसह, हे तुकडे. चक्राच्या दोन नोडांना थेट जोडणारी, चक्रात नसलेली कड हाही एक तुकडा. तुकडा चक्राच्या ज्या नोडांना टेकतो ते त्याचे टेकू. तुकडे शोधायला जोडलेपणाचा कोड तिसऱ्यांदा वापरा. तुकडा आणि टेकूची चक्रावरची जागा अशी जोडी बनवून सॉर्ट करा, प्रत्येकाची टेकूंची क्रमवार यादी तयार होईल. एकच टेकू असलेला तुकडा दिसला तर ब्लॉक वेगळे करण्यातच चूक आहे, तिथे परत जा.

प्रत्येक तुकडा पूर्णपणे चक्राच्या आत किंवा पूर्णपणे बाहेर बसतो. दोन तुकडे एकाच बाजूला बसू शकत नसतील तर ते एकमेकांना आडवे येतात. तपासायची अचूक रीत: ‘ख’चे सगळे टेकू ‘क’च्या लगतच्या दोन टेकूंमधल्या एकाच खाचेत, टोकं धरून, मावले तर आडवे नाहीत, नाहीतर आहेत. गोंधळ सामाईक टेकूंचा होतो, कारण असा टेकू दोन खाचांत मोडतो. म्हणून आधी ‘ख’चा असा टेकू शोधा जो ‘क’चा नाही. त्याची खाच एकच, बायनरी सर्चने मिळते, आणि बाकीचे त्याच खाचेत आहेत का ते पाहा. ‘ख’चे सगळेच टेकू ‘क’चेही असतील, तर ‘ख’ला नेमके दोन टेकू असून ते ‘क’च्या गोल क्रमात शेजारी असतील तरच सुटका. तीन सामाईक टेकूंचे दोन तुकडे आडवेच. फक्त ‘अदलाबदलीने येणारे’ टेकू तपासणारा कोड हे प्रकरण हमखास विसरतो आणि काही नॉन-प्लेनर ग्राफांना प्लेनर ठरवतो.

आता दोन रंग. प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती करा, ‘क’ आणि ‘क-उलट’. ‘क’ आणि ‘ख’ आडवे आले की ‘क’ला ‘ख-उलट’शी आणि ‘क-उलट’ला ‘ख’शी जोडा. तोच कोड, चौथी वेळ. शेवटी एखाद्या तुकड्याची सुलट आणि उलट प्रत एकाच गटात आली तर ग्राफ नॉन-प्लेनर. पाणी-वीज-गॅसचं उदाहरण घ्या: १ ते ६ असं षट्कोनी चक्र, तुकडे १–४, २–५, ३–६. तिघेही एकमेकांना आडवे. १–४ गेला २–५ उलटकडे, २–५ उलट गेला ३–६ कडे, ३–६ गेला १–४ उलटकडे. १–४ आणि त्याचीच उलट प्रत एका गटात. संपलं. या रीतीत आडव्या जोड्यांची यादी साठवावी लागत नाही, जोडी दिसली की जोडून टाकायची. ५,००० तुकड्यांच्या १,२४,९७,५०० जोड्या होतात, त्या थ्रेडमध्ये वाटून चालतात. त्याहून फार जास्त तुकडे देणारं चक्र निघालं तर दुसरं चक्र घ्या.

रंग जमले तर प्रत्येक तुकडा चक्रासह वेगळा तपासायचा, आणि हे सगळे एकमेकांपासून स्वतंत्र. पुढच्या पातळीवर चक्राचे फक्त त्या तुकड्याचे टेकू ठेवा, बाकीचे मिटवा, नाहीतर चक्राच्या प्रती मेमरी भरून टाकतात. नुसती वाट असलेला तुकडा तपासायची गरज नाही.

चक्र कसं निवडायचं यावर सगळा वेग ठरतो. १००० × १००० च्या जाळीत बाहेरची किनार चक्र म्हणून घेतली तर आत एकच तुकडा उरतो आणि काही फायदा होत नाही. असा एकटा तुकडा आला तर त्याचे चक्रावरचे लगतचे दोन टेकू घ्या, त्यांच्यामधला चक्राचा रिकामा भाग काढा आणि त्याजागी तुकड्याच्या आतून जाणारी वाट घाला. काढलेला भाग आता स्वतः एक तुकडा होतो, आणि मूळ तुकडा नुसती वाट नसेल तर दुसराही निघतोच. पण अशा चक्राने एका वेळी थोडंसंच सुटतं. आमचा सल्ला: ट्रीबाहेरच्या ३२ कडा यादृच्छिक निवडा, प्रत्येकीचं ट्रीमधून होणारं चक्र मोजा, आणि ज्याचा सर्वांत मोठा तुकडा सर्वांत लहान आहे ते घ्या. तीन पातळ्यांनंतरही सर्वांत मोठ्या तुकड्यात नव्वद टक्के कडा राहत असतील तर हट्ट सोडा आणि तो तुकडा एका थ्रेडला द्या. तसंच दोन-तीन हजार कडांखालचा कोणताही तुकडा पुढे फोडू नका, कामाची वाटणी करण्यातच जास्त वेळ जातो.

अपेक्षाही वास्तवाला धरून ठेवा. एकूण कामाचा पाचवा हिस्सा एकाच थ्रेडवर राहिला तर सोळा थ्रेडवर वेग चौपटच होतो, सोळापट नाही. म्हणून आधी कोणती पायरी एकट्याने चालते ते मोजा, मग थ्रेड वाढवा.

चाचणीचे ग्राफ

१००० × १००० ची जाळी: १० लाख नोड, १९,९८,००० कडा, प्लेनर. तिच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना एक कड जोडा: दोन्ही कोपरे बाहेरच्याच क्षेत्रावर आहेत, म्हणून अजूनही प्लेनर. उरलेले दोन कोपरेही जोडा: नॉन-प्लेनर. आता मूळ जाळीची डावी किनार उजवीला आणि वरची खालच्या किनारीला जोडून जाळी गुंडाळा: २० लाख कडा, मोजणीत आरामात पास, कुठेही छोटा भाग उचलला तर प्लेनर, पण पूर्ण ग्राफ नॉन-प्लेनर. घाईने लिहिलेले प्रोग्राम या चौथ्यावर पडतात. प्रत्येक ग्राफच्या नोडांचे क्रमांक पिसून दहा वेळा चालवा. थ्रेडच्या शर्यतीतली चूक एका फेरीत दिसत नाही.

उत्तराचा पुरावा

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्हींचा पुरावा मागा, तो तपासणं तपासणीपेक्षा खूप सोपं आहे.

‘हो’चा पुरावा म्हणजे प्रत्येक नोडभोवती कडांचा गोल क्रम. प्रत्येक अर्धकडेसाठी: तिची उलटी घ्या, त्या नोडच्या गोल क्रमात उलटीच्या पुढची घ्या. असं फिरत गेलं की एकेका फेसची, म्हणजे कडांनी वेढलेल्या क्षेत्राची, फेरी पूर्ण होते. प्रत्येक अर्धकड तिच्या पुढचीशी जोडून जोडलेपणाचा कोड चालवा, गटांची संख्या म्हणजे फेस, फ. मग न − क + फ = २ × भाग तपासा. पुस्तकातलं सूत्र १ + भाग असं असतं, कारण तिथे बाहेरचं क्षेत्र सगळ्या भागांत मिळून एकदाच मोजतात. इथे ते प्रत्येक भागासाठी वेगळं मोजलं जातं. सुटे नोड आधी काढले नसतील तर हे जुळणार नाही, कारण त्यांना अर्धकडच नसते. आपल्या अकरा स्टेशनांवर ११ − ११ + २ = २, बरोबर.

‘नाही’चा पुरावा म्हणजे आत लपलेला के-पाच किंवा के-तीन-तीन, कुराटोव्स्की यांच्या १९३० च्या प्रमेयाप्रमाणे. कडा मर्यादेपेक्षा जास्त असतील तर कोणत्याही ३न − ५ कडा ठेवा, तेवढ्याही नॉन-प्लेनरच असतात. मग कडांचे सोळा गठ्ठे करा. प्रत्येक थ्रेड एकेक गठ्ठा वगळून उरलेला ग्राफ तपासतो. ज्याचा उरलेला ग्राफ अजूनही नॉन-प्लेनर आहे असा एकच गठ्ठा टाका. दोन गठ्ठे एकदम टाकू नका, ते वेगवेगळे टाकून ग्राफ नॉन-प्लेनर राहिला तरी एकत्र टाकल्यावर राहीलच असं नाही. कोणताच गठ्ठा टाकता आला नाही की गठ्ठे अर्धे करा, शेवटी एकेका कडेपर्यंत या. उरलेल्यातले दोन शेजाऱ्यांचे नोड मिटवल्यावर प्रत्येकी चार कडांचे ५ नोड किंवा प्रत्येकी तीन कडांचे ६ नोड राहायला हवेत. सहा आले तर त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात आणि गटाच्या आत एकही कड नाही, हेही पाहा. त्रिकोणी प्रिझमलाही प्रत्येकी तीन कडांचे सहा नोड असतात आणि तो प्लेनर आहे. पुराव्यात प्रिझम आला तर कड टाकल्यानंतरची एखादी तपासणी चुकून ‘नॉन-प्लेनर’ म्हणाली आहे, आणि बहुतेक वेळा ती चूक टेकूंच्या खाचेत सापडते.